शिवलकरांचा राहिलेला पॅच

आमच्या समोरच्या फ्लॅटच्या दारावर, नावाच्या पितळी पाटीखाली, चाळीस अक्षरांचा एक नंबर रंगवलेला होता. चार-चारच्या दहा जुड्या, त्यात आकडेही आणि इंग्रजी अक्षरंही, पांढऱ्या ऑइलपेंटनं, चांगला पेंटर बोलावून करून घेतलेला. कुरियरवाला तो बघून जिना उतरून परत जायचा. त्याला वाटायचं, एवढा मोठा फ्लॅट नंबर आपल्या पाकिटावर नाही, म्हणजे बिल्डिंग चुकली. विजेचा मीटर बघायला येणारा माणूस तो दर वेळी मन लावून वहीत उतरवून घ्यायचा. राई गावाहून मासे घेऊन येणारी भागी टोपली माझ्या दारात टेकवून एकदा बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "वहिनी, या दादाचा फोन नंबर एवरा मोटा हाय? लावाया बसला त बोंबील सुकतील."

तेवढ्यात दार उघडून शिवलकर भावोजी बाहेर आले. त्यांनी तिला गंभीरपणे समजावलं, "हा फोन नाही. ही माझी ओळख आहे. उद्या कुणी माझ्या नावानं कॉम्प्युटरवर पत्र पाठवलं, तर या नंबराशी ताडून बघायचं. जुळला तर तो मी. नाही जुळला तर मी नव्हे."

भागीनं त्यांच्याकडे खालून वर बघितलं. "मना तं तू पयलेसारकाच दिसतंस," ती म्हणाली आणि बोंबील मोजायला लागली.

आम्ही लालबागची खोली विकून भाईंदर पश्चिमेला आलो, त्याच उन्हाळ्यात शिवलकर भावोजी समोर राहायला आले. एकटेच. चौतीस वर्षं एका सहकारी बँकेत नोकरी, आणि त्या चौतीस वर्षांत काम एकच, खातेदाराची सही कार्डावरच्या नमुन्याशी ताडून बघायची. माणसाचं तोंड त्यांच्या लक्षात राहत नसे, सही राहायची. "शहांच्या सहीला शेवटी शेपूट आहे," आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींबद्दल ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले. "असा माणूस पाण्याची टाकी वेळेवर धुऊन घेणार नाही." आणि खरंच, शहांनी ती कधी वेळेवर धुऊन घेतली नाही.

लग्न केलं नव्हतं. म्हणजे एकदा मुलगी बघायला गेले होते. पोहे खाऊन झाल्यावर मुलीच्या वडिलांनी विचारलं, काही विचारायचं असेल तर विचारा. यांनी खिशातून कागद काढला आणि मुलीला म्हणाले, तीन वेळा सही करा. तिनं केली. तिन्ही वेगवेगळ्या आल्या. "वहिनी, दोष तिचा नव्हता, हात थरथरत होता," ते मला सांगत होते. "पण मी रेकॉर्डला काय लावणार?"

दूधवाल्या भैयाची ते रोज वहीत सही घ्यायचे. भैया आजारी पडला आणि त्याच्याऐवजी दुसराच माणूस किटली घेऊन आला, तेव्हा यांनी दूध परत पाठवलं आणि दिवसभर कोरा चहा प्यायले.

अशा माणसाला बँकेनं निवृत्त केलं, म्हणजे हातातली कार्डं काढून घेतली. वर्षभर बिचारे पेपरातल्या जाहिरातींवरच्या छापील सह्या बघत बसले. मग त्यांनी कॉम्प्युटर घेतला, आणि कुठूनसा त्यांना तो प्रोग्राम सापडला.

हा प्रोग्राम काय करायचा, ते मला त्यांनी इतक्यांदा सांगितलंय की मी भाजी निवडता निवडता सांगू शकते. साधी मेल म्हणजे पोस्टकार्ड. वाटेत कुणीही वाचावं, कुणीही खोडावं. हा प्रोग्राम मेलला कुलूप लावतो, आणि ज्याच्या नावानं लावलं त्यालाच ते उघडतं. दुसरं काम सहीचं. आपण सही करून मेल पाठवली की समोरच्याच्या पडद्यावर हिरवी पट्टी येते, 'सही बरोबर'. भावोजींना कुलपाचं तेवढं कौतुक नव्हतं. त्यांचा जीव त्या हिरव्या पट्टीत.

ते सगळ्यांना सही केलेली मेल पाठवायचे. शहांना टाकीबद्दल लिहिलं, तर मजकुराखाली ती सही म्हणजे चार ओळी गिचमीड अक्षरं. शहा कागद छापून घेऊन माझ्याकडे आले. "भाभी, ऊपर का समझा. टाकी का है. लेकिन नीचे ये क्या लिखा है? गाली है क्या?"

"सही है," मी सांगितलं.

"चार लाइन की?"

माझा मुलगा बंगळूरला नोकरीला. त्यानं त्याचा जुना कॉम्प्युटर मला पाठवला आणि मी भावोजींची पहिली शिष्या झाले. परवलीचं वाक्य लांबलचक पाहिजे आणि कुणाला सांगायचं नाही, असा त्यांचा दंडक. मी उकडीच्या मोदकांची कृती घातली. नंतर महिनाभर मला आत शिरता येईना, कारण पिठात मीठ आधी घातलं होतं की तेल, तेच आठवेना.

मुलाला मी पहिली कुलूपबंद मेल पाठवली तेव्हा त्याचा घाबरून फोन आला. "आई, तुझ्या कॉम्प्युटरला काहीतरी झालंय. नुसता कचरा आलाय."

"कचरा नाही. लोणच्याची बरणी कशी धुवायची ते आहे."

"मग मराठीत का नाही लिहिलंस?"

"मराठीतच आहे. कुलूप लावलंय."

"लोणच्याला?"

झालं असं होतं की मी चुकून शिवलकरांच्या नावाचं कुलूप लावलं होतं. म्हणजे ती जगात फक्त शिवलकरांनाच उघडता येणार. मुलानं ती त्यांच्याकडे पाठवली. त्यांनी उघडली, वाचली आणि त्याला सहीनिशी उत्तर धाडलं: 'बरणी कडक उन्हात वाळवणे. मजकूर अस्सल आहे.'

या सगळ्यात मोठा सण म्हणजे पॅच. प्रोग्राममध्ये मधून मधून भोकं सापडतात. परदेशातली कुणी माणसं ती शोधतात, बुजवतात, आणि ठिगळ जगाला फुकट वाटतात. त्याला पॅच म्हणायचं. भावोजींना तशी सूचना आली की अंघोळ नंतर, चहा नंतर. फोनच्या तारेवरून तो पॅच मुंगीच्या पावलानं उतरायचा, तोवर त्यांचा फोन बंद. त्यात आमच्याकडे लोडशेडिंग. पाऊण भाग उतरला की लाइट जायचे, बॅटरीचा डबा टीं टीं करत बसायचा आणि भावोजी त्याच्या शेजारी वारा घालत बसायचे, जणू त्याला ताप आलाय.

पॅच एकदाचा उतरला की सीडीवर घ्यायचा आणि बिल्डिंगमध्ये ज्या पाच घरांत कॉम्प्युटर होता तिथे जाऊन बसवायचा. "भोक पडलंय, बुजवून देतो," एवढंच दारात म्हणायचे. तळमजल्यावर नवीन आलेल्या बाईंनी त्यांना सरळ न्हाणीघरात नेलं आणि वर बोट दाखवलं. भावोजींनी ओल नीट बघितली, "हे माझ्या अखत्यारीत नाही," म्हणाले, आणि तरी पांढरं सिमेंट आणून लावून दिलं.

मग त्यांच्या डोक्यात आलं की नुसता नंबर असून भागत नाही, तो आपलाच आहे अशी चार माणसांनी ग्वाही द्यायला हवी. समोरासमोर, ओळखपत्र बघून, एकेक अक्षर ताडून. "एका जागी भरपूर माणसं कधी जमतात, वहिनी?" मी बोलून गेले, संक्रांतीला, माझ्या हळदीकुंकवाला.

ते रेशनकार्ड घेऊन आले. तीस बायकांत एकटे, इस्त्रीचा शर्ट घालून. वाणात मी चाळण्या दिल्या होत्या, प्रत्येक चाळणीत त्यांनी आपल्या नंबराची चिठ्ठी टाकली. आता आमच्याकडे हळदीकुंकू झालं की दर वर्षी हाउजी खेळायची पद्धत. हातात आकड्यांचा कागद आला, समोर माणूस उभा राहून सावकाश आकडे वाचायला लागला, तेव्हा बायकांनी काय करावं? पर्समधून पेनं काढली. भावोजी वाचतायत, "सात... नऊ... बी... चार..." आणि बायका भराभर खुणा करतायत. मी आत मसाला दूध आटवत होते, मला कल्पना नाही. पहिली ओळ संपली आणि तीसच्या तीस जणी एकदम उठून म्हणाल्या, "लाइन."

शहांच्या बायकोनं कमरेवर हात ठेवला. "सबका एकसाथ कैसे आया? ये तो चीटिंग है."

भावोजींचे डोळे भरून आले होते. मला म्हणाले, "एका वेळी तीस जणींनी पडताळणी केली, वहिनी. बँकेतसुद्धा असं कधी झालं नाही." बक्षिसाच्या स्टीलच्या वाट्या मात्र मला तीस जणींत वाटाव्या लागल्या. एकीला नुसतं झाकण मिळालं, ती अजून बोलून दाखवते.

पण मला एक कळत नसे. एवढी कुलपं, एवढ्या सह्या, आणि त्यांना मेल कुणाची यायची? पॅचच्या सूचना यायच्या आणि माझी यायची, तीही 'आज कढी केली आहे, या' एवढी. माझ्या दारापासून त्यांचं दार चार पावलांवर.

मग एका सकाळी ते खुशीत आले. "वहिनी, आज एक मेल आली होती. तिचा निकाल लावला." आणि छापील कागद पुढे केला. वर आलेली मेल होती: 'दादा, मृणालने कॉम्प्युटर शिकवला. तुझा पत्ता बँकेतल्या ओळखीने मिळाला. कसा आहेस? बाळू.' खाली यांचं उत्तर: 'आपल्या मेलवर सही नाही. ओळख पटत नाही. सोबत सूचना जोडल्या आहेत.'

मी चहाचा कप खाली ठेवला. "भावोजी, बाळू कोण?"

"धाकटा भाऊ. सख्खा. राजापूरकडे असतो, घरी."

"आणि मृणाल?"

"त्याची मुलगी."

"किती वर्षांनी लिहिलंय त्यानं?"

"बारा."

"आणि तुम्ही त्याला सूचना पाठवल्या."

"अकरा पानं," ते म्हणाले. "सोपी करून."

मग हळूहळू बाहेर आलं. दोघा भावांच्या नावानं बँकेत लॉकर होता, त्यात घराचे कागद. बारा वर्षांपूर्वी बाळू गावाहून ते न्यायला आला. रजिस्टरवर सही केली, ती वेडीवाकडी आली. टेबलावर कोण, तर हे. यांनी कार्ड काढलं, ताडून बघितलं आणि सगळ्यांदेखत रजिस्टर परत सरकवलं. बाळू म्हणाला, दादा, मी तुझ्यासमोर उभा आहे. हे म्हणाले, तू समोर आहेस ते दिसतंय, नमुना जुळत नाही. बाळू निघून गेला.

"दुसऱ्या दिवशी मी माझ्या सहीनं कागद काढून रजिस्टर पोस्टानं पाठवले," भावोजी म्हणाले. "पोचपावतीवर त्याची सही आली. तीही जुळत नव्हती."

मी आयुष्यात शेजाऱ्याला इतकं कधी बोलले नसेन. म्हटलं, माणूस बारा वर्षांनी दार वाजवतो आणि तुम्ही आतून अकरा पानं सरकवता? आत्ताच्या आत्ता दुसरं लिहा, नीट, भावासारखं. त्यांनी लिहिलं. मी शेजारी उभी राहून लिहून घेतलं. पण उत्तर येईना. आठवडा गेला, महिना गेला, दीड झाला. सकाळी आणि संध्याकाळी ते फोन अडवून मेल बघायचे. मी विचारलं तर, "पॅच आलाय का बघतोय." त्या दिवसांत त्यांनी माझ्याकडे कढीही धड खाल्ली नाही.

श्रावणात एका सकाळी दाराची बेल वाजली. भावोजी, एका गालाला साबणाचा फेस तसाच. "हिरवी पट्टी," एवढंच म्हणाले.

मी जाऊन वाचलं. 'दादास, भात लावून झाला. पाऊस बरा आहे. म्हैस व्याली, रेडकू झालं. पडवीचं छप्पर बदललं. तू सांगितलंस तशी सही केली आहे. बाळू.' आणि त्याखाली आणखी एक ओळ: 'गणपतीला घरी ये, सगळे वाट बघतायत.'

त्या दिवशी पेढे वाटले. शहांना वाचून दाखवलं, वॉचमनला दाखवलं, भागीला बसवून दोनदा ऐकवलं. "म्हस याली, बेस झाला," ती म्हणाली आणि दोन पापलेटं जास्तीची दिली. भावोजींनी कोकणगाडीचं तिकीट काढलं आणि ते शर्टाच्या खिशात घालून हिंडायला लागले.

पंधरा दिवसांनी पॅच आला. नेहमीसारखे सीडी घेऊन माझ्याकडे आले, बसवला, शहांकडे बसवला, तळमजल्यावर बसवला. मी सहज विचारलं, "तुमचं झालं?"

ते सीडी रुमालात गुंडाळत राहिले. "माझं राहिलंय."

अंघोळीआधी पॅच बसवणारा माणूस. मी म्हटलं, बसा. काय भोक आहे या वेळी?

"सही झालेल्या मजकुराखाली कुणी पदरचं वाक्य चिकटवलं," ते म्हणाले, "तरी जुना प्रोग्राम सगळ्याला मिळून हिरवी पट्टी दाखवतो. नवा प्रोग्राम सांगतो, सही कुठपर्यंत आहे."

मला कळायला वेळ लागला. त्यांनीच सांगितलं. "ते वाक्य नावाखाली आहे, वहिनी. बाळू नाव लिहिल्यावर खाली काही लिहीत नाही. लहानपणापासून."

"मृणालनं घातलं असेल?"

"असेल."

"मग नका बसवू पॅच. तसेच जा."

"भोक माहीत असून कसा जाऊ?"

चार दिवस सीडी त्यांच्या टेबलावर रुमालात पडून होती. पाचव्या दिवशी दार वाजवून म्हणाले, "साक्षीला या." मी गेले. अकराला लाइट जाणार होते, त्याआधी त्यांनी पॅच बसवला. मग भावाची मेल उघडली. हिरवी पट्टी वरून निघाली, भातापाशी, पावसापाशी, म्हशीपाशी आली, आणि 'बाळू' या नावाशी थांबली. खालच्या ओळीभोवती पिवळी चौकट. 'या भागावर सही नाही.'

लाइट गेले. बॅटरीचा डबा टीं टीं करायला लागला, तो त्यांनी बंद केला. खिशातून तिकीट काढलं आणि घड्या सरळ करायला लागले.

"रद्द करताय?"

"बोलावणं कुणाचं ते ठरत नाही. मी जाऊन उभा राहायचं आणि त्यानं म्हणायचं, तुला कुणी बोलावलं? मला ते... "

मी काही बँकेत नोकरी केलेली नाही. मला सुचलं ते बोलले. "भावोजी, म्हैस व्याल्याचं सहीत आहे ना?"

"आहे."

"ज्याला तुमचं तोंड बघायचं नाही, तो माणूस तुम्हाला म्हैस व्याल्याचं कळवेल?"

मी पदरानं वारा घेत बसले.

"रेडकू झालं, तेही सहीत आहे," ते म्हणाले.

"आहे."

"पडवीचं छप्पर."

"तेही."

त्यांनी तिकिटाच्या परत घड्या घातल्या आणि खिशात ठेवलं.

दीड दिवसासाठी म्हणून गेले होते. गणपती गेले, गौरी गेल्या, अनंत चतुर्दशी झाली, समोरचं दार बंदच. दूधवाला भैया वहीत सही करायला मिळेना म्हणून बेचैन. मधे एक पॅचची सूचना येऊन पडली, तिच्याकडे बघायला कुणी नाही. पितृपक्ष सुरू झाल्यावर एका दुपारी रिक्षातून उतरले, नारळांचं पोतं आणि कोकमाची बाटली घेऊन. चेहरा उन्हानं रापलेला, दाढी वाढलेली. मी पाणी दिलं आणि आधी तेच विचारलं, "ते वाक्य कुणाचं होतं? विचारलंत?"

त्यांनी भांडं खाली ठेवलं. "त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत, वहिनी. आंब्यावरून पडला होता. बँकेत आला त्याच्या आदल्या महिन्यात. मी काळजी करीन म्हणून कळवलं नव्हतं. मी सही बघत राहिलो. हात बघितलाच नाही."

मी भांडं परत भरून दिलं.

"मग विचारायचं राहून गेलं. सकाळी त्याची बायको गोठ्यात असते. शर्टाची बटणं मृणाल लावून देते, पण तिचं कॉलेज लवकर. म्हणून मी लावायचो, रोज. सहा बटणं. बटणं लावता लावता असं कसं विचारणार?" ते नारळाच्या पोत्याची गाठ सोडायला लागले. "गळ्याचं लावायचं नाही. तिथे त्याला आवळतं."